कमाटी बागेतल्या म्युझियमसाठी ऑडिओ गाईड ॲप, वापरून बघितलं

आधीच सांगते, हे म्युझियमचं अधिकृत ॲप नाही. बडोद्यातल्याच काही पोरांनी बनवलंय, अजून टेस्टिंगला आहे, लिंक फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवर आली म्हणून टाकलं फोनमध्ये. नाव लिहीत नाही, अजून बाजारात आलेलंच नाही तर आत्तापासून कशाला वाजवायचं. पण ऑडिओ गाईड कसा असावा आणि कसा नसावा हे दोन्ही एकाच ॲपमध्ये सापडलं त्यामुळे लिहितेय.

आई, माझी भाची आणि मी अशा तिघी गेलो. ऑडिओ सगळा आधीच डाउनलोड होतो, हे बेस्ट, कारण जुन्या जाड भिंतींच्या इमारतीत नेटचा काही भरवसा नसतो आणि जीपीएस तर आत गेल्यावर कामाचंच नाही. म्हणून यांनी सरळ दालनातल्या वस्तूंचे फोटो दिलेत, फोटोवर टॅप केलं की ट्रॅक सुरू. भारी काही नाही पण आईला चष्मा न लावता जमलं, अजून काय पाहिजे.

ॲपमधली सगळ्यात चांगली गोष्ट देवमाशाची. मही नदीच्या मुखाशी लागलेला तो ब्लू व्हेलचा सांगाडा, बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकानं शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलेला असतोच. ट्रॅक सुरू होतो तो सरळ 'जबड्याजवळ जा आणि दात शोधा' असं म्हणून, आणि मग गप्प. पंधरा-वीस सेकंद खरंच शांत. भाची वाकून वाकून बघतेय, दात काही सापडत नाहीत, आणि मग आवाज येतो की नाहीतच दात, तोंडात झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपल्या नखांचा जो पदार्थ तोच, त्यातून पाणी गाळून बारीक कोळंबीसारखे जीव खातो हा एवढा मोठा प्राणी. मग म्हणतो आता शेपटीपर्यंत चालत या, मी थांबतो. मी इतक्या वेळा हा सांगाडा बघितलाय पण दात नाहीत हे कधी लक्षातच आलं नव्हतं. ज्यानं हा ट्रॅक लिहिला त्याला माझ्याकडून सेव उसळ.

आणि मग आपण जातो अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींकडे आणि सगळं मुसळ केरात. 'सदर मूर्ती अकोटा येथून प्राप्त झाली असून ती इसवी सनाच्या सहाव्या शतकातील आहे.' अरे हे पाटीवर वाचू की आम्ही! समोर जीवंतस्वामींची मूर्ती, ध्यानात उभे आहेत पण डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आईनं लगेच विचारलं, अगं तीर्थंकरांना दागिने कसे? हाच तर प्रश्न आहे ना. महावीर अजून राजकुमार होते, दीक्षा घ्यायची होती, तेव्हाच राजवाड्यात ध्यान करत असत, त्या रूपाची ही मूर्ती, म्हणून मुकुट. हे मला आधी कुठेतरी वाचल्यामुळे माहीत होतं म्हणून सांगता आलं, ॲपनं एक शब्द काढला नाही. आणि अकोटा म्हणजे कुठे लांब नाही हो, दांडिया बाजारातून ब्रिज ओलांडला की अकोटा, आम्ही रोज तिथून जातो, तेवढं सांगितलं असतं तरी लोक दोन मिनिटं जास्त थांबले असते. त्याऐवजी सयाजीराव महाराजांवर चार मिनिटांचा ट्रॅक आहे, १८९४ ची इमारत, पिक्चर गॅलरी १९२१ ला उघडली वगैरे. महाराजांबद्दल आदर आहेच, पण त्या चार मिनिटांत बघायचं कुठे हे एकदाही सांगत नाहीत. इमारतीबद्दलच बोलताय तर मान वर करून छत तरी बघा म्हणा.

ममीच्या ट्रॅकला हॉरर सिरियलचं म्युझिक. काढा ते.

सगळ्यात वैताग म्हणजे ऑटोप्ले. एक ट्रॅक संपला की दुसरा आपोआप सुरू, आपण अजून पहिल्याच काचेसमोर उभे. १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमनं पहिल्यांदा ऑडिओ गाईड काढला तेव्हा तो रेडिओवर होता, सगळ्यांना एका वेळी एकच ऐकू यायचं, त्यामुळे अख्खा घोळका एकदमच पुढे सरकायचा. तेव्हा इलाज नव्हता. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असताना ॲपनं आपल्याला हाकलायचं काय कारण? सेटिंगमध्ये बंद करायचं बटण शोधलं, नाहीये.

आवाजाचं एक मात्र मस्त केलंय. इयरफोन नसेल तर फोन कानाला लावायचा, कॉलसारखा, आवाज आपोआप वरच्या छोट्या स्पीकरमधून येतो. आई सगळीकडे कुणाशी तरी फोनवर बोलतेय अशी फिरत होती, मधेच 'हो, हो' पण म्हणत होती. तिघींत एक फोन असेल तर मात्र पंचाईत, आळीपाळीनं ऐकावं लागतं.

मराठीबद्दल तर बोलायलाच नको. गुजराती ट्रॅक ऐका, बाई छान गप्पा मारल्यासारखी बोलते, मराठीवाला नोटीस वाचतोय. साफ कळतं की आधी गुजराती लिहिलं आणि मग कुणीतरी बसून भाषांतर केलं. बरं, देवमाशाचा मराठी ट्रॅक तेवढा चांगला निघालाय, म्हणजे जमत नाही असं नाही. भाचीनं तिसऱ्या दालनातच भाषा बदलून टाकली, आणि आम्ही घरी तिला मराठी बोल मराठी बोल म्हणून मागे लागतो.

पाचपैकी तीन. ऑटोप्ले बंद करायची सोय केली तर साडेतीन, आणि अकोट्याच्या मूर्तींचे ट्रॅक नव्यानं लिहिले तर पैसे देऊनही घेईन. आत्ता फुकट आहे तोवर टाका, गुजराती फाइल पण सोबत उतरवून ठेवा, आणि फोन फुल चार्ज करून जा, स्क्रीन सारखी चालू राहते म्हणून बॅटरी जाम खातं.