‘शक्ती’चे दोन अल्बम, तबला शिकवणारीच्या कानांनी

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि अमळनेरच्या माझ्या क्लासमधल्या मुलांनी ‘शक्ती’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांनी तो अल्बम मोबाइलवर लावला. चांगलाच आहे. पण गिटार आणि भारतीय वाद्यांचा मेळ घालणारा हा फ्यूजन वाद्यवृंद नव्याने ऐकणाऱ्याला मी सांगेन की आधी 1976चा पहिला अल्बम ऐका आणि मग या नव्याकडे या. गिटारने आपल्या संगीतात बसायला किती मेहनत घेतली, ते त्या जुन्या अल्बममध्ये उघडं दिसतं.

फ्यूजन म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्याला कारण आहे. आपल्या भागात गिटार म्हणजे लग्नातल्या ऑर्केस्ट्रातली. शास्त्रीय ऐकायचं तर आम्ही जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व महोत्सवाला जाऊन बसतो. या दोघांचा मेळ घालतो म्हणणाऱ्या एका कार्यक्रमात मुलगी यमन राग गात होती; त्यात मध्यम तीव्र, म्हणजे चढा लागतो. मन लावून गात होती. गिटारवाल्याने खाली शुद्ध मध्यमाची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) लावली आणि तिचा तीव्र मध्यम तिथेच मेला. ड्रम असे की तबलजीची चाट, म्हणजे काठावरचा टणक बोलसुद्धा ऐकू येईना. टाळ्या भरपूर पडल्या. मला मात्र त्या मुलीचं वाईट वाटत राहिलं.

‘शक्ती’चा पहिला अल्बम ही न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ हॅम्प्टन कॉलेजात 5 जुलै 1975 ला झालेली मैफल आहे. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटम या मातीच्या घड्यावर विक्कू विनायकराम, मृदंगमवर आर. राघवन. झाकीरभाई तेव्हा 24 वर्षांचे होते. ट्रॅक तीनच. पहिला, ‘जॉय’, 18 मिनिटांचा. गिटार आणि व्हायोलिन एकच तान एकाच दमात घेतात, मग वेगळे होतात, सवाल-जवाब करतात आणि दोघं मिळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात. कॉर्ड येतात, पण मोजक्या. व्हायोलिन पुढे असताना मॅक्लॉफ्लिन मागून हलका ठेका धरतो आणि रागाच्या वाटेत कुठे आडवा येत नाही.

हा माणूस इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. ‘शक्ती’च्या आधी तो ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त कान फाटतील अशी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला, आणि मग वाद्यालाच हात घातला. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा किंवा विश्वमोहन भट्ट यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर कांडी सरकवून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढली. मॅक्लॉफ्लिनने ती उभीच ठेवली. ‘शक्ती’साठी करून घेतलेल्या गिटारीत पडद्यांमधलं (फ्रेटमधलं) लाकूड कोरून खोलगट केलं. बोट लाकडाला टेकेनासं झालं, त्यामुळे तार हवी तशी ओढता येऊ लागली, सतारीवर ओढतात तशी. शिवाय सहा मुख्य तारांच्या खालून तिरक्या सात तारा बसवून घेतल्या. उजवा हात मध्येच त्यांच्यावरून फिरतो आणि सतारीच्या चिकारीच्या तारांसारखी झणकार मागे भरून राहते.

क्लासमध्ये मी ‘जॉय’ लावला. कुणाचं वाद्य काय ते आधी मुद्दाम सांगितलं नाही. मारवडहून येणारा एक मुलगा, बोलतो अहिराणीत आणि कान तिखट, म्हणाला, “ताई, हाई गिटार शे का सतार?”

“गिटारच आहे. तार कुठे ओढतोय ते ऐक.”

त्याने डोळे मिटले आणि पुढची पाच-सात मिनिटं तोंडाने एक शब्द काढला नाही. एरवी त्याला गप्प बसवायला मला आवाज चढवावा लागतो.

खरं सांगायचं तर माझा जीव तालवाद्यांत अडकलाय. तबला आणि घटम एकत्र ऐकायची सवय आपल्याकडे फार कुणाला नाही. घटम म्हणजे भाजलेला मातीचा घडा. तबला हातोडीने ठोकून स्वरात आणता येतो. आमच्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात चामड्याची पुडी ताणून स्वर चढतो, तर गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली-वर करून निभावता येतं. घड्याला गट्टे नाहीत. षड्ज (सा) बदलला की घडा बदलायचा. विनायकराम घड्याचं तोंड पोटाला लावून, दूर करून त्यातून घुमारा काढतात, आणि झाकीरभाईंचा डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा, खर्जाचा) त्या घुमाऱ्याच्या शेजारी येऊन बसतो. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. दोघांची बोलांची भाषा निराळी, पण तिहाई (तीनदा म्हटलेला एकच बोल) संपते तिथे मात्रेचा हिशेब चोख. माझ्या मते ‘शक्ती’ जमली ती या हिशेबामुळे. स्वरांचं जुळवून घेता येतं, पण लयीचं गणित एक नसेल तर पाच माणसं पाच दिशांना जातात. पुढच्या ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ या अल्बमची सुरुवात तर तोंडी बोलांनीच होते. तबल्याच्या विद्यार्थ्यांनी ते बोल टाळी धरून म्हणून पाहावेत.

पहिल्या अल्बमचा शेवटचा ट्रॅक जवळजवळ 29 मिनिटांचा. त्यात काही जागी गिटार नुसत्या वेगासाठी पळते, आणि तेवढा भाग मला लांबलेला वाटतो. मधला ‘लोटस फीट’ पाच मिनिटांच्या आतला, संथ. तो संपूच नये असं वाटतं.

आता ‘धिस मोमेंट’. 1977च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर तब्बल 46 वर्षांनी, जून 2023 मध्ये आलेला हा ‘शक्ती’चा स्टुडिओ अल्बम. मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाई तेच. सोबत गायला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, आणि खंजिरा (डफासारखं छोटं तालवाद्य) वाजवायला व्ही. सेल्वागणेश, म्हणजे विनायकरामांचा मुलगा. पहिलाच ट्रॅक ‘श्रीनीज ड्रीम’, 2014 मध्ये गेलेल्या मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या आठवणीचा. ‘मोहनम’ तर जरूर ऐका. कर्नाटकी मोहनम रागाचे आरोह-अवरोह म्हणजे आपल्या भूप रागाचेच, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या परीक्षेच्या मुलांनाही स्वर लगेच ओळखू येतात.

माझी तक्रार गिटारीबद्दल आहे. इथे ती इलेक्ट्रिक आहे, सोबत गिटार-सिंथ (गिटारीवरून वाजणारा सिंथेसायझर) आहे. तिरक्या तारांची ती झणकार आणि लाकडाचा आवाज राहिला नाही. महादेवन यांचा आवाज इतका गोड आणि इतका पुढे आहे की बाकीची वाद्यं बऱ्याचदा साथीला बसल्यासारखी वाटतात. पहिल्या अल्बममध्ये कुणीच साथीला नव्हतं. तरीही डग्ग्यावरचा झाकीरभाईंचा हात या वयातही काय होता ते ऐकायला हा अल्बम घ्यावाच. 15 डिसेंबर 2024 ला ते गेले. आता या वाद्यवृंदाकडून त्यांचा नवा ठेका यायचा नाही, हे मला अजून पचत नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातलं काहीही लावू नका. डग्गा आणि घटम दोन्ही त्यात गायब होतात आणि उरते नुसती टकटक. साधे का होईना, हेडफोन लावा. गिटार शिकणारा कुणी घरात असेल तर त्याच्याकडून ‘लोटस फीट’पासून सुरुवात करून घ्या आणि ‘जॉय’च्या वेगाला वर्षभर तरी हात लावू देऊ नका.