खर्जातला आवाज, दोन वाटा: ऑपेराचं थिएटर की मैफलीचा मंच?

गेल्या थंडीत रावेरकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, जेवणं उरकली आणि कुणीतरी त्या मुलाला म्हणालं, "म्हण रे एखादं." बावीस वर्षांचा पोरगा. माइक नव्हताच. तो उभा राहून गायला लागला आणि केळीच्या बागेपलीकडे मोटारीपाशी बसलेला माणूस उठून इकडे आला. गावच्या भजनी मंडळात याच मुलाला कायम टाळ देऊन मागे उभं केलं जातं, कारण काळी चारमध्ये लागलेलं भजन त्याला चढत नाही. आमच्याकडे असा आवाज 'खाली लागतो' म्हणून बाजूला पडतो. युरोपात त्यालाच बॅरिटोन म्हणतात आणि त्यावर माणसाचं आयुष्य उभं राहतं.

त्याच्या वडिलांनी मला एकच विचारलं, "ताई, यात पगार राहतो का?" मी मुंबईत हे पाश्चात्य शास्त्रीय गाणं शिकले आणि आता जळगावात शिकवते. इतक्या वर्षांत याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. पगार एका वाटेवर मिळतो, दुसरीवर मिळत नाही. म्हणून दोन्ही वाटा नीट पाहायला हव्यात.

आधी आवाजाविषयी. टेनर हा उंच पुरुषी आवाज आणि बास सर्वांत खालचा; टेनरच्या खाली आणि बासच्या वर बसणारा पुरुषी आवाज तो बॅरिटोन. ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, प्रियकर बहुधा टेनर असतो. बाप, वैरी, कारस्थानी, चतुर नोकर अशा भूमिका बॅरिटोनकडे येतात: रॉसिनीचा फिगारो (१८१६), व्हर्दीचा विदूषक रिगोलेत्तो (१८५१), पुच्चिनीचा क्रूर पोलीसप्रमुख स्कार्पिया (१९००). साठ-सत्तर वाद्यांवरून हा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचतो, पण तो जोर लावून नाही. तयार आवाजात ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपास ताकद गोळा होते. वाद्यवृंदाची ताकद ५००च्या आसपास सर्वांत जास्त असते आणि वर ओसरत जाते. त्या मोकळ्या पट्ट्यातून गायक ऐकू येतो. डीजेवर मात करायला ओरडून घसा बसवून घेतलेल्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

पगाराची वाट ऑपेराची, आणि ती मुख्यतः जर्मनीत आहे. सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं त्या देशात आहेत. छोट्या शहरांतली थिएटरंसुद्धा गायकांना वर्षाच्या करारावर ठेवतात. त्याला 'फेस्ट' म्हणतात. दर महिन्याला पगार, आरोग्य विमा, किमान वेतन ठरलेलं. त्या बदल्यात काय गायचं ते थिएटर ठरवतं. सकाळी दहाला तालीम, दुपारी घरी, संध्याकाळी पुन्हा तालीम नाहीतर प्रयोग. एका रात्री मोझार्टच्या ऑपेरातला पापागेनो, मोठी भूमिका, तर दोन दिवसांनी दुसऱ्या ऑपेरात चार ओळींचा हुजऱ्या. सगळं पाठ, तेही परक्या भाषेत, वर नाचणं, पडणं, भांडणं. आवाजाला न झेपणारी भूमिका आली तर "नको" म्हणायला धीर लागतो आणि नवख्याकडे तो क्वचितच असतो. करार पुढे वाढवायचा नसेल तर थिएटरने ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, त्यामुळे तो महिना गायकांना जड जातो. नवा संचालक आला की जुन्या गायकांपैकी बरेच जण बाहेर पडतात, हेही घरच्यांनी आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

फेस्ट सोडून स्वतंत्र गाणाऱ्याला प्रयोगागणिक पैसे मिळतात. आजारी पडला तर त्या रात्रीचे पैसे गेले. एजंट साधारण दहा टक्के घेतो.

आता मैफल. इथे वेशभूषा नाही, नेपथ्य नाही. वाद्यवृंदाबरोबरच्या मोठ्या रचना असतात. मेंडेलसोनचा एलिजा (१८४६, बर्मिंगहॅम) जवळजवळ सगळा बॅरिटोनच्या खांद्यावर आहे. ब्राम्सचं जर्मन रिक्वियम (रिक्वियम म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ गायची रचना), ब्रिटनचं वॉर रिक्वियम (१९६२, कॉव्हेंट्री) यांतही बॅरिटोनला मोठं काम आहे. यात वही हातात धरून गायलं तरी चालतं, पण तालमी एक-दोनच मिळतात, त्यामुळे पूर्ण तयार होऊनच जावं लागतं. कामं नाताळ आणि ईस्टरच्या आसपास दाटीने येतात, मधले महिने रिकामे जातात. म्हणून मैफलीचे बहुतेक गायक कुठे ना कुठे शिकवतातही.

आणि मग एकट्या पियानोबरोबरचं गाणं. माझा जीव इथे अडकलेला आहे, ते लपवत नाही. शूबर्टने १८२७ साली रचलेला 'विंटररायझे' हा २४ गाण्यांचा संच. सव्वा तास एक माणूस आणि एक पियानो. शेवटच्या गाण्यात गावाबाहेर एक म्हातारा अनवाणी बर्फावर उभा राहून मूठ फिरवत वाद्य वाजवतोय, त्याची थाळी रिकामी आहे, कुणी ऐकत नाही. ते गाणं मी या मुलाला पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा वैशाख होता, खिडकीला ओला पडदा लावलेला. पियानोच्या डाव्या हाताला तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, हा तर तंबोरा आहे. सा आणि प." खरंच तसं आहे. त्या दोन स्वरांवर उभं राहून, आवाज न वाढवता, एकेक शब्द ठेवत जायचं. अशा मैफली भरवायला लंडनचं विगमोर हॉल आहे, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ३८०० च्या आसपास माणसं बसतात. दोन्हीकडे लागणारा आवाज एकच, पण तो वापरायची तऱ्हा पार वेगळी.

अडचण अशी, की मैफलीचं आमंत्रण नाव झालेल्यालाच येतं, आणि नाव कुठून यायचं? गाण्यांच्या मैफलींसाठी जगभर मानला गेलेला बॅरिटोन दिट्रिख फिशर-डिस्काउ १९४८ साली पश्चिम बर्लिनच्या ऑपेरात रुजू झाला होता. क्रिस्टियान गेरहाहरने आधी वैद्यकाचं शिक्षण पुरं केलं (हे मी डॉक्टरकीचा हट्ट धरणाऱ्या आईवडिलांना मुद्दाम सांगते), मग वुर्झबर्गच्या थिएटरात गायला आणि नंतर मैफलींत मोठा झाला. दिमित्री ख्वोरोस्तोव्स्की तर सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा. तिथल्याच ऑपेरात गाता गाता त्याने १९८९ साली कार्डिफची जागतिक गायन स्पर्धा जिंकली. मॉस्कोपासून त्याचं गाव जितकं दूर, त्या मानाने मुंबईपासून रावेर जवळच म्हणायचं.

म्हणून माझं मत असं: खान्देशातल्या मुलाने, ज्याच्यामागे घरचा पैसा नाही, त्याने ऑपेराच्या फेस्ट करारावर नजर ठेवून तयारी करावी आणि मैफलीचं गाणं रोज थोडं थोडं सोबत जोपासावं. उलटा क्रम बसत नाही. खर्जातला आवाज तिशी ओलांडल्यावरच पिकतो, तोवर पोट भरणारी आणि शिकवणारी जागा लागते. बावीसाव्या वर्षी उशीर झाला असं आपल्याकडे वाटतं, या आवाजाला ते लागू नाही. मात्र काही जर्मन संगीत विद्यापीठांत प्रवेशाला वयाची अट असते, ती आधी पाहावी. फी बहुतेक ठिकाणी नगण्य असते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सहामाहीला १५०० युरो भरावे लागतात. राहण्या-जेवण्याचा खर्च तर सगळीकडेच आहे.

भाषेची एक जमेची बाजू आपल्याकडे आहे. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य, जीभ दातांना लावून. दुहेरी व्यंजनंही पत्ता, कच्चा, हल्ला म्हणणाऱ्या तोंडाला सहज येतात. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्यांना जे महिनोन्महिने घासावं लागतं, ते या मुलाने आठवड्यात उचललं. जर्मन मात्र अवघड. ओठ गोल करून आत 'ई' म्हणायचा तो स्वर मराठीतही नाही आणि अहिराणीतही नाही. तो आरशासमोरच येतो.

इथेच राहून हे करता येईल का? पूर्ण पोट त्यावर भरणार नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहे, रॉयल ऑपेरा हाउस २०१६ साली पुन्हा उघडलं, अधूनमधून गायकांना संधी मिळते. पण पगारी गायकांचा कायमचा ताफा असलेलं ऑपेरागृह आपल्या देशात नाही.

हे सगळं मी त्याच्या वडिलांना, पगार कुठे राहतो आणि कुठे राहत नाही ते, ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग आधी काय करायचं?" मी म्हटलं, जर्मनची परीक्षा. पोरगा आता आठवड्यातून दोनदा भुसावळवरून गाडी बदलून जळगावला येतो. सोमवारी फिगारो, गुरुवारी तंबोऱ्याचं ते गाणं. पहिली दहा मिनिटं आरशासमोर, ओठ गोल करून, नुसता 'ई'.