मालक, मावशी आणि गिऱ्हाईक: नवी सेवा ठरवताना व्हॉट्सअॅप बिझनेस आणि गूगल फॉर्म्स कितपत उपयोगी?

पोळी-भाजी केंद्र, लाँड्री, गॅरेज, पॅथॉलॉजी लॅब असा दहा-पंधरा माणसांचा धंदा चालवणाऱ्याला नवी सेवा सुरू करायची असली की गिऱ्हाइकाला आणि कामावरच्या माणसांना विचारण्यासाठी त्याच्या हाताशी दोनच साधनं असतात. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही फोनमध्ये आधीच आहेत: व्हॉट्सअॅप बिझनेस आणि गूगल फॉर्म्स. ही दोन या एका कामाला कितपत पुरतात, एवढंच इथे तपासलं आहे. ऑर्डर घेणं, बिलं पाठवणं, जाहिरात करणं हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगून टाकू. गिऱ्हाइकाकडून माहिती काढायला ही जोडी पाचपैकी चार गुणांची आहे. कर्मचाऱ्यांकडून काढायला जेमतेम दोन, आणि ते दोनसुद्धा मालक गटात गप्प बसणारा असेल तर.

उदाहरण म्हणून एक पोळी-भाजी केंद्र घेऊ. दुपारचा धंदा बसलेला आहे, आता महिन्याच्या बोलीवर रात्रीचा ज्वारीच्या भाकरीचा डबा सुरू करायचा आहे. चाळीस घरं, डब्यात दोन भाकऱ्या, एक भाजी, एक पातळ.

सुरुवात जवळजवळ सगळे चुकीच्या टोकाकडून करतात. गटावर पोल टाकतात, ‘भाकरीचा डबा हवा का? हो / नाही’, आणि पासष्ट ‘हो’ आले की डब्यांची ऑर्डर देऊन मोकळे होतात. खरी माहिती त्याआधी सहा महिने रोजच्या चॅटमध्ये येऊन पडलेली असते. ‘रात्रीचं काही मिळेल का?’, ‘आईंना शुगर आहे, पोळीऐवजी भाकरी देता का?’, ‘रविवारी बंद असता का?’ हे गिऱ्हाईक आपणहून, गरज पडली म्हणून लिहितं. विचारून मिळालेल्या उत्तरापेक्षा न विचारता आलेली मागणी कितीतरी भरवशाची. म्हणून या जोडीतलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे व्हॉट्सअॅप बिझनेसची लेबलं, म्हणजे चॅटला लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या.

लेबलं एकूण २० करता येतात. ‘नवा ग्राहक’, ‘पैसे बाकी’ अशा अर्थाची पाच तयारच मिळतात. नवीन सेवेसाठी चार पुरेत: ‘रात्रीचं विचारलं’, ‘भाकरी विचारली’, ‘पथ्य’, ‘नाही म्हणालो’. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. काउंटरवरच्या माणसाने ज्याला ज्याला नकार दिला, त्याच्या चॅटला हे लेबल लावायचं. लेबल संपूर्ण चॅटला लावता येतं, एखाद्या सुट्या मेसेजलाही लावता येतं, आणि गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. दोष असा की कोणत्या आठवड्यात किती जणांनी विचारलं याचा हिशेब ॲप ठेवत नाही. तो दर शनिवारी गूगल शीटमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, हाताने उतरवावा लागतो: तारीख, काय विचारलं, कुठली सोसायटी, कोणी उत्तर दिलं. चार रकाने, पंधरा मिनिटांचं काम. दोन महिने हे इमानेइतबारे केलं तर निम्मे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

आता पोल. व्हॉट्सअॅपवर ही सोय २०२२ च्या शेवटी आली. एका पोलमध्ये १२ पर्याय देता येतात आणि एकाहून जास्त उत्तरं घ्यायची की नाही हे आधी ठरवता येतं. वापरायला इतकं सोपं दुसरं काही नाही, आणि घात तिथेच होतो. गटातल्या पोलमध्ये कोणी काय निवडलं हे सगळ्यांना नावानिशी दिसतं. कामगारांच्या गटावर मालकाने ‘रात्रीची पाळी सुरू करूया का?’ असा पोल टाकून पहिलं मत स्वतः ‘हो’ दिलं, की पुढची आठ मतं ‘हो’च पडणार. त्याला सहमती समजणारा मालक तिसऱ्या आठवड्यात दोन माणसं सोडून गेली म्हणून कपाळाला हात लावतो. गिऱ्हाइकांच्या गटातही हेच होतं, फक्त भिडेऐवजी तिथे शेजाऱ्याचं पाहून मत पडतं. व्हॉट्सअॅप चॅनेलवर पोल टाकला तर नावं दिसत नाहीत, फक्त आकडे दिसतात. पण चॅनेल एकतर्फी असतं, ‘का नको?’ असं उलट विचारता येत नाही. तेव्हा पोलचा उपयोग मामुली गोष्टींपुरता ठेवावा: डबा साडेसातला की आठला, शनिवारी पिठलं की आमटी. सेवा सुरू करायची की नाही हे पोलवर ठरवू नये.

गिऱ्हाइकांचा गट करण्याबद्दलही एक इशारा. गटात १०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. कोणाच्या घरी मधुमेहाचं पथ्य आहे, कोण एकटं राहतं हे अनोळखी लोकांच्या गटात उघड होणं बरं नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना सुटासुटा पाठवायची यादी, हा बरा मार्ग. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, उत्तर थेट आपल्याला येतं आणि इतरांना दिसत नाही. अट एकच: ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच मेसेज जातो. दोनशे जणांना पाठवला आणि साठ जणांनाच पोचला, असं सर्रास होतं. मग ‘लोकांना रस नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ब्रॉडकास्टच्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली की किती जणांना पोचला ते कळतं. टक्केवारी त्या आकड्यावर काढायची.

गूगल फॉर्म्सकडे वळू. इथे कौतुकाला जागा आहे. मराठीत प्रश्न नीट दिसतात, उत्तरं आपोआप शीटमध्ये जमा होतात आणि एका उत्तरावरून पुढचा भाग बदलता येतो. ‘घरी रात्री भाकरी खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुढचे सहा प्रश्न दाखवायचं कारण नाही. ही वाट बदलायची सोय फक्त ‘अनेकांतून एक’ आणि ‘ड्रॉपडाउन’ या दोन प्रकारांत आहे, चौकटीवर खूण करण्याच्या प्रकारात नाही. हे माहीत नसल्याने लोक अर्धा दिवस सेटिंग शोधत बसतात.

सगळ्यांत जास्त गिऱ्हाईक गळतं ते ‘एकाला एकच उत्तर’ ही सेटिंग चालू ठेवल्यामुळे. ती चालू केली की फॉर्म भरायला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. फोटो मागणारा प्रश्न टाकला तरी तेच. साठीच्या काकूंना पासवर्ड आठवत नाही, त्या फॉर्म बंद करतात, आणि नेमक्या त्याच आपल्या गिऱ्हाईक होणार असतात. ही सेटिंग बंद ठेवावी, फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारावेत आणि दुहेरी नोंदी शीटमध्ये काढून टाकाव्यात. धंद्याच्या स्वतःच्या ईमेलवरून, म्हणजे वर्कस्पेस खात्यातून फॉर्म बनवला असेल तर तो फक्त संस्थेतल्या लोकांनाच उघडतोय का, हे लिंक वाटण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर तपासावं.

आधीच भरलेली लिंक काढण्याची सोय मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘फॉर्म कुठे मिळाला?’ असा प्रश्न ठेवायचा आणि डब्यावरचा स्टिकर, काउंटर, डिलिव्हरीवाला अशा तीन लिंका, तीन क्यूआर कोड करायचे. प्रत्येकात हे उत्तर आधीच भरलेलं. गिऱ्हाइकाला ते दिसतं आणि बदलताही येतं, पण बदलत कोणी नाही. डब्यावरच्या स्टिकरवरून येणारी उत्तरं जेवताना भरलेली असतात, त्यात चवीबद्दल खरं लिहिलेलं असतं. काउंटरवर भरलेल्या फॉर्ममध्ये ‘सगळं छान’ हेच जास्त.

प्रश्न सातच्या वर नेऊ नयेत. आणि ‘१२० रुपयांना डबा घ्याल का?’ हा प्रश्न तर विचारूच नये, त्याला सगळे हो म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात किती रात्री बाहेरून जेवण मागवलं? शेवटच्या वेळी किती पैसे दिले?’ हे विचारावं. खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगो कंपनीच्या ‘लेगो आयडियाज’ या संकेतस्थळावर चाहत्याने सुचवलेल्या नव्या संचाला पाठिंबा देताना किती किंमत द्याल, किती घ्याल हेही विचारतात. दहा हजार पाठीराखे मिळाले तरी संच निघेलच असं नाही, ते ठरवतात कंपनीची माणसं. निघाला तर कल्पना देणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. मत आणि निर्णय वेगळे ठेवण्याची ही रीत चाळीस डब्यांच्या धंद्यालाही तशीच लागू पडते.

फॉर्म झाला की खरी परीक्षा पैशांची. ‘हो’ म्हणणाऱ्यांना एका आठवड्याचे पैसे आगाऊ भरायचा यूपीआय क्यूआर पाठवायचा. डबा सुरू झाला नाही तर पैसे परत, हे त्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहायचं. किती जणांनी भरले तर पुढे जायचं हा आकडा क्यूआर पाठवण्याआधी कागदावर लिहून ठेवायचा. चाळीसपैकी पंधरा म्हटलं असेल आणि अकरा आले, तर थांबायचं. आकडा नंतर ठरवणाऱ्याला अकराही पुरेसे वाटू लागतात.

आता कर्मचारी, म्हणजे या जोडीची लंगडी बाजू. निनावी मत घ्यायला लोक फॉर्म वापरतात. ईमेल गोळा करू नका असं सेटिंग ठेवलं तरी शीटमध्ये प्रत्येक उत्तराची वेळ पडते. आठ माणसांच्या स्वयंपाकघरात दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी फोन कोणाच्या हातात होता हे सगळ्यांना माहीत असतं. दहाच्या आत माणसं असतील तर निनावीपणाचा देखावा करू नये. शिवाय मावशी टाइप करत नाहीत, व्हॉइस नोट पाठवतात, आणि ती शोधता येत नाही. कोणीतरी ऐकून शीटमध्ये एका ओळीत उतरवली नाही तर आठवड्यात ती गुडमॉर्निंगच्या फोटोंखाली गडप.

इथे कागदच बरा. भिंतीवर मोठा कागद लावायचा, मधोमध आडवी रेघ. रेघेच्या वर गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पायऱ्या, खाली न दिसणारी कामं. सेवेचा असा नकाशा काढायची पद्धत लिन शोस्टॅक यांनी १९८० च्या दशकात मांडली आणि ती अजून जुनी झालेली नाही. कागदासमोर उभं राहून ‘मावशी, डबा हवा का?’ असं विचारायचं नाही. ‘मावशी, साडेसातला चाळीस डबे निघायचे तर तुम्ही तवा कधी ठेवाल?’ असं विचारायचं.

मग हिशेब बाहेर येतो. चाळीस डबे म्हणजे ऐंशी भाकऱ्या. एका तव्यावर थापून, भाजून, फुगवून एक भाकरी व्हायला अडीच-तीन मिनिटं. म्हणजे २०० ते २४० मिनिटं. साडेसातला डबा निघायचा तर पहिली भाकरी साडेतीन-चारला तव्यावर पडणार आणि नऊ वाजता ताटात येणार. ज्वारीत ग्लूटेन नसतं, गार झाली की भाकरी कडक होते. पासष्ट ‘हो’ देणाऱ्या पोलमध्ये ही गोष्ट कुठेच नव्हती. मावशी लगेच तोडगाही सांगतात: दोन तवे, एकीने थापायचं, एकीने भाजायचं, सुती फडक्यात गुंडाळायचं आणि डबे दोन फेऱ्यांत काढायचे, सात आणि आठ. डिलिव्हरीवाला दुसरी अडचण मांडतो: ‘शेठ, रात्री रिकामा डबा परत मिळत नाही. दोन संच लागतील आणि वर चार-पाच जास्तीचे.’ म्हणजे चाळीस घरांना ऐंशीच्या वर डबे. हा खर्च फॉर्मवरून कधीच कळला नसता.

टोयोटामध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून चालू आहे. ती टिकण्यात एका साध्या गोष्टीचा मोठा वाटा आहे: सूचनेला उत्तर मिळतं आणि बक्षीसही. आपल्याकडे तेवढा गटाचा उपयोग चांगला होतो. ‘दोन फेऱ्यांची कल्पना अमुक मावशींची, सोमवारपासून लागू’ असा मेसेज मालकाने टाकावा आणि त्या महिन्याच्या पगारात ठरलेली रक्कम द्यावी. नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून भागवणाऱ्यांना तिसरी सूचना मिळत नाही. नाकारलेल्या सूचनेचंही कारण एका ओळीत सांगावं.

गिऱ्हाइकालाही उत्तर हवं. पंधरा दिवसांनी ब्रॉडकास्ट: ‘तुम्ही सांगितलंत म्हणून डबा आठच्या फेरीत मिळेल. रविवारचं जमत नाही, कारण त्या दिवशी मावशींना सुट्टी.’ फॉर्ममध्ये आजार किंवा पथ्य विचारलं असेल तर ते कशासाठी हे वरच लिहावं आणि काम झालं की तो रकाना पुसावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा छोट्या धंद्याला लागू नाही, असं गृहीत धरू नये.

एकाच नंबरवर अनेकांनी उत्तरं द्यायची तर मूळ फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, पण कोणी काय लिहिलं हे ॲप वेगळं दाखवत नाही. उत्तराच्या शेवटी आद्याक्षर टाकायची सवय लावावी. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात, सुट्टीवर जाताना हे ध्यानात ठेवावं. गिऱ्हाईक हजारांत गेलं की मोठ्या धंद्यांसाठीची मेसेजागणिक पैसे लागणारी व्हॉट्सअॅपची सेवा घ्यावी लागते. चाळीस डब्यांसाठी ती गळ्यात मारायला कोणी आला तर त्याला आधी तवा किती वाजता ठेवायचा ते विचारावं.