39 व्या आठवड्यात कळा आणवायच्या की वाट बघायची?

मैत्रिणीचा 38 वा आठवडा चालूय, आयव्हीएफचं बाळ, आणि डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवलेत त्यामुळे तिची झोप उडालीय. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

तारखेचा घोळ आयव्हीएफमध्ये नसतो, पाच दिवसांचा एम्ब्रियो (गर्भ) ट्रान्सफर केला की त्या दिवसापासून 261 दिवस मोजायचे, तीच ड्यू डेट, म्हणजे 40 आठवडे पूर्ण. म्हणून 39 म्हणजे खरंच 39.

सिझेरियनची भीती सगळ्यांनाच. इंडक्शन केलं, म्हणजे कळा आणवल्या, की सिझर होतंच असं म्हणतात, पण 2018 मध्ये आलेल्या अराइव्ह नावाच्या अमेरिकन अभ्यासात उलटं दिसलं, पहिलटकरणींत 39 ला कळा आणवल्या तर सिझर 18.6 टक्के, वाट बघितली तर 22.2. अर्थात त्या कमी जोखमीच्या बायका होत्या, हे विसरायचं नाही!

त्रास म्हणाल तर इंडक्शनमध्ये गोळी, जेल नाहीतर बलून, मग सलाइन, कधीकधी दीड-दोन दिवस हॉस्पिटलमध्येच. वाट बघण्यात घरी राहता येतं पण बीपी, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची तपासणी), बाळाभोवतीच्या पाण्याची सोनोग्राफी, बाळाच्या हालचालींवर लक्ष हे चुकवून चालत नाही. आयव्हीएफनंतर, त्यातही फ्रोझन (गोठवून ठेवलेल्या गर्भाच्या) ट्रान्सफरनंतर, बीपी वाढायची शक्यता जास्त असते.

तर बीपी, शुगर किंवा बाळाच्या वाढीचा प्रश्न असेल, वय चाळिशीच्या आसपास असेल तर इंडक्शन बरं. सगळं नॉर्मल असेल आणि तपासण्या वेळेवर जमत असतील तर 41 पर्यंत थांबता येतं. वार (प्लेसेंटा) खाली असून गर्भाशयाचं तोंड झाकत असेल तर मात्र हा प्रश्नच नाही, सिझरच.