कडकनाथ शिजला कसं कळणार? भाजण्या-धुरावण्यासाठी थर्मामीटर निवडताना

कोंबडी शिजली की नाही हे आपल्याकडे दोन खुणांवरून ठरतं. आतला गुलाबीपणा गेला का आणि टोचल्यावर रस नितळ येतो का. इंदूरमधल्या ज्या घरांत झाबुआचा कडकनाथ येतो तिथे पहिली खूण बाद होते. 2018 साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेल्या या कोंबडीची कातडी काळी, मांस काळसर आणि हाडांवरही काळी झाक. रंग बघून काय ठरवणार? त्यात चरबी कमी, म्हणजे कच्ची राहील या धास्तीने थोडा वेळ जास्त ठेवली की छातीचा भाग चिवट झालाच. साध्या ब्रॉयलरलासुद्धा रंगाची खात्री नसते. पूर्ण शिजूनही हाडाजवळ लाली राहू शकते. म्हणून थंडीत गच्चीवर शेगडी मांडणाऱ्या प्रत्येकाने थर्मामीटर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आता कोणता, ते बघू.

त्याआधी आकडे डोक्यात हवेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शिफारशीनुसार कोंबडीचा आतला भाग 74 अंश सेल्सियसला पोचला पाहिजे, खिमा 71 ला, आणि मटणाचा अखंड तुकडा 63 ला, वर तीन मिनिटांचा विसावा. पण बोकडाची रान, म्हणजे मागची अखंड तंगडी, 63 ला सुरक्षित झाली तरी दातांना दाद देत नाही. तिच्यातला चिवट भाग विरघळून मांस हाडापासून सुटायला आत 90 ते 95 अंश लागतात. कोंबडीत थर्मामीटर ‘आता उतरवा’ सांगतो, रानेत ‘अजून थांबा’ सांगतो. तुमच्याकडे यातलं जास्त काय होतं, त्यावर निवड ठरते. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी 42 च्या आसपास संपते.

सगळ्यात स्वस्त सुईचा, गोल डायलवाला. बॅटरी लागत नाही, हे त्याचं एकमेव सुख. त्याच्या दांड्यात दोन धातूंची गुंडाळी असते आणि ती तापमान घेते खालच्या पाचेक सेंटीमीटरमध्ये मिळून. तेवढा दांडा मांसात गेला नाही तर आकडा खोटा. टिक्क्याच्या बोटीत तो जाणार कसा? अखंड रानेत चालेल, पण सुई स्थिरावेपर्यंत झाकण उघडं धरावं लागतं आणि शेगडीची आच निघून जाते. मी घेणार नाही. झाकणावर बसवून आलेल्या डायलवरही विसंबू नका. तो घुमटाखालची हवा मोजतो, मांस खाली जाळीवर असतं, आणि दोन्हीकडच्या तापमानात बराच फरक पडतो.

टोचून लगेच वाचायचा डिजिटल, घडी होणारा, ही बहुतेकांची खरी गरज. यात आतल्या सेन्सरवरून दोन जाती पडतात. थर्मिस्टरवाले पाच-सहा सेकंद घेतात आणि आपल्याकडे ऑनलाइन हजाराच्या आतबाहेर मिळतात. थर्मोकपलवाले एक ते तीन सेकंदांत आकडा देतात, टोक बारीक असतं, रस कमी वाहतो. त्यातला नावाजलेला थर्मापेन परदेशात शंभर डॉलरच्या आसपास जातो, मागवायचा तर खर्च वेगळा. घरच्या शेगडीला तेवढ्याची गरज नाही. एकावेळी वीस सीख लावणाऱ्याला मात्र ते सेकंद फार मोलाचे. दोन्हींत सेन्सर टोकापाशीच असतो, त्यामुळे बोटीत बाजूने, आडवा घालून मधोमध थांबता येतं. कडकनाथच्या तंगडीत मांडीच्या सगळ्यात जाड भागात घाला, हाडाला टेकू देऊ नका, आणि टोक हळूहळू मागे ओढत आकडा बघा. सगळ्यात कमी दिसेल तोच खरा.

तंदूर असेल तर हाच प्रकार. भट्टीच्या आत चारशेच्या पुढे जाणारी आच असते, तिथे वायरवाला प्रोब, म्हणजे मांसात खुपसून ठेवायची सुई, ठेवला तर वायर जळते. सीख बाहेर काढा, टोचा, परत लावा.

वायरवाला, मांसात ठेवून द्यायचा, हा धूर देणाऱ्यांसाठी. इथे धूर म्हणजे पेटता कोळसा वाटीत ठेवून वर तूप सोडतात तो धुंगार नव्हे, त्याला थर्मामीटर लागतच नाही. मी म्हणतो ते 107 ते 121 अंशांवर तासन्‌तास चालणारं काम. दोन प्रोबचा घ्या, एक मांसात, एक जाळीला चिमटा लावून. धुरावताना मांस 65 ते 75 च्या दरम्यान कुठेतरी अडतं आणि आकडा तास-दोन तास हलत नाही, कारण वरचा ओलावा वाफ होऊन जाताना मांसाला थंड करत राहतो. जाळीचा आकडा समोर नसेल तर माणूस घाबरून कोळसा वाढवतो आणि बाहेरून करपवतो. डिसेंबर-जानेवारीत माळव्याचा गार वारा गच्चीवर सुटला की जाळीचं तापमान झपाट्याने उतरतं. धोक्याची घंटी वाजवणारं मॉडेल तेव्हा कामी येतं.

बिनवायरचे, मोबाइलवर आकडा दाखवणारे, दिसायला देखणे आहेत. पण खुणेच्या रेघेपर्यंत आत घालावे लागतात, म्हणजे तंगडीला किंवा टिक्क्याला नाहीत. शिवाय ब्लूटूथला लोखंडी झाकण आणि काँक्रीटचा स्लॅब दोन्ही आड येतात. गच्चीवर रान आणि तुम्ही खाली दिवाणखान्यात, तर संपर्क तुटायची शक्यता भरपूर. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग मोजते. तवा किंवा जाळी किती तापली हे बघायला ठीक, मांसाच्या आतलं तिला कळत नाही.

कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी तपासा. पेला कुटलेल्या बर्फाने भरा, फटी भरतील इतकंच थंड पाणी ओता, ढवळून दोन मिनिटं थांबा आणि टोक काचेला न टेकवता मधोमध धरा. शून्य यायला हवं, एखादा अंश इकडेतिकडे चालेल. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर एक लक्षात असू द्या. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या थोडं वर उकळतं. 98 दिसलं म्हणून चांगला थर्मामीटर परत पाठवू नका. उलट इथे 100 दाखवणाराच जास्त दाखवतोय.

महिन्यातून एखादवेळी टिक्के, सीख, कोंबडी एवढंच होत असेल तर थर्मिस्टरवाला घडीचा पुरे. रान किंवा खांदा धुरावत असाल तर दोन प्रोबचा वायरवाला आधी, घडीचा नंतर. अंश सेल्सियस आणि फॅरनहाइट बदलायचं बटण दोन्हींत बघा, कारण अमेरिकी पाककृतींत 225 लिहिलेलं असतं ते फॅरनहाइटमध्ये. वायरवाल्यात सर्वांत आधी मरतो तो प्रोब. धुताना वायर जिथे दांड्याला मिळते तिथून पाणी शिरतं. फक्त दांडा ओल्या फडक्याने पुसा, आणि सुटा प्रोब वेगळा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.