याकितोरी: मीठ की तारे?

संध्याकाळी तोक्योत स्टेशनवरून घरी येताना गल्लीत लाल कंदील पेटलेला दिसतो. दार सरकवलं की आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर, आणि पलीकडे बांबूच्या काड्यांना ओवलेली कोंबडी कोळशावर भाजत असते. हीच याकितोरी, जपानमधलं माझं सगळ्यात आवडतं खाणं. तोक्योतल्या निशिकासाई भागात नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींना मी पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या अशा दुकानात नेते. ऑर्डर देताना भट्टीमागून प्रश्न येतो, "शिओ? तारे?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागतात.

शिओ म्हणजे नुसतं मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला गोडसर, दाट रस.

मिठात काही लपत नाही. मांस ताजं नसेल किंवा विस्तव नीट फुललेला नसेल, तर पहिल्या घासाला कळतं. म्हणून अनोळखी दुकानात माझी पहिली काडी मिठाचीच. अकिताची हिनाई किंवा नागोयाची कोचिन अशी नावाजलेली कोंबडी मिळत असेल, तर तारे मागूच नका. जास्तीचे पैसे ज्या चवीसाठी देताय तीच झाकली जाईल.

तारेचं सगळं कसब हंडीत आहे. काडी बरीचशी भाजली की रसात बुडवायची, पुन्हा विस्तवावर धरायची, पुन्हा बुडवायची. साखर लगेच करपते, म्हणून हे आधी करून चालत नाही. दर वेळी कोंबडीची चरबी आणि रस हंडीत उतरतो, आणि हंडी रिकामी न करता तिच्यात नवा रस घालत राहतात. आपण कालच्या दह्याने आजचं विरजण लावतो, तसंच. जुन्या दुकानातल्या तारेची चव बाजारच्या बाटलीत सापडत नाही ती यामुळे.

आता काय कशात घ्यायचं? कलेजी (रेबा) तारेतच. तिचा उग्र वास त्या गोडीने बसतो; वर थोडी सान्शो (तिरफळासारखी जपानी मिरी) पूड मिळाली तर फारच छान. खिम्याचे गोळे म्हणजे त्सुकुने, तेही तारेत, आणि शेजारी कच्च्या अंड्याचा पिवळा बलक देत असतील तर त्यात बुडवून. पेटा (सुनागिमो) मात्र मिठातच हवा, नाहीतर त्याचा कुरकुरीतपणा जातो. पंख आणि कुर्चाही मिठात. कातडी, म्हणजे कावा, दोन्हींत चालते. मला मिठातली, कडक भाजलेली आवडते. मांडीचं मांस आणि कांद्याची पात असलेली नेगिमा दोन्ही प्रकारांत एकेक मागवा. फरक समजायला तिच्यासारखी दुसरी काडी नाही.

दारू वर्ज्य असेल तर तारे नको, कारण साके आणि मिरिन दोन्ही त्यात आहेत. काही ठिकाणी मिठाच्या काडीवरही साके शिंपडतात, तेव्हा आधी विचारा. गहू चालत नसेल तरीही मीठच बरं, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आणि याकितोरीच्या पाटीखाली सगळं कोंबडीचंच असतं असं धरून चालू नका: फुकुओकात डुकराच्या काड्या सर्रास असतात, होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये तर याकितोरी म्हणजे डुक्कर आणि कांदाच.

ठरतच नसेल तर "ओमाकासे" म्हणा, म्हणजे तुमच्यावर सोपवलं. भाजणारा ज्या तुकड्याला जे शोभतं तेच लावतो, आणि आमच्या गल्लीतल्या दुकानात मी आता तेच करते. फक्त कलेजी किंवा सासामी (छातीच्या आतलं मऊ मांस) आतून गुलाबी ठेवायची पद्धत काही दुकानांत असते. ते नको असेल तर काडी विस्तवावर चढायच्या आधीच सांगा, "योकु याइते कुदासाइ", नीट भाजून द्या.