पुनर्रचनेत वरिष्ठ पदं कशी भरावीत: थेट समावेशन, अंतर्गत स्पर्धा, खुली जाहिरात की प्रभारी?

दोन खाती एकत्र होतात, एका महामंडळाची दोन होतात किंवा नवा आकृतिबंध (मंजूर पदांची रचना) लागू होऊन वरची १२ पदं ८ वर येतात. अधिकारी मात्र १२च असतात. तक्रारी येतात त्या बहुतेक मुलाखतीबद्दल, पण अन्याय झालेला असतो त्याच्या बराच आधी: कोणतं पद कोणत्या मार्गानं भरायचं हे ठरवताना. म्हणून अख्ख्या संस्थेला एकच मार्ग लावू नका. मार्ग पदनिहाय ठरवा, आणि त्या पदावर कोण येऊ शकतं याची चर्चा सुरू होण्यापूर्वी तो लेखी नोंदवा.

| मार्ग | पद भरायला लागणारा ढोबळ वेळ | कधी योग्य | कुठे फसतो |
|---|---|---|---|
| थेट समावेशन (स्पर्धेविना जुन्या अधिकाऱ्याला नवं पद) | ३ ते ६ आठवडे | काम बहुतांशी तेच, दावेदार एकच | माणूस बघून कर्तव्यसूची लिहिली जाते |
| मर्यादित अंतर्गत स्पर्धा | ६ ते १० आठवडे | एका पदावर अनेकांचा रास्त दावा | मोठ्या संस्थेच्या लोकांना झुकतं माप |
| खुली जाहिरात | ४ ते ८ महिने | काम खरोखर नवीन | जुने अधिकारी अतिरिक्त ठरतात, खर्च दुप्पट |
| प्रभारी नेमणूक | काही दिवस | फक्त मधल्या काळापुरती | तात्पुरतं ते कायम होतं |

थेट समावेशन

ज्याचं काम बदललेलंच नाही त्याला स्वतःच्या खुर्चीसाठी अर्ज करायला लावणं ही निष्पक्षता नव्हे, निव्वळ छळ आहे. प्रश्न एवढाच की काम बदललेलं नाही हे ठरवायचं कसं. पदनाम आणि वेतनश्रेणी यांवर विसंबू नका. एका संस्थेतला सहसंचालक ४०० माणसं सांभाळतो, दुसरीतला ४०. जुनी आणि नवी कर्तव्यसूची शेजारी ठेवा. निर्णयाचे अधिकार, अंदाजपत्रक, हाताखालचं मनुष्यबळ, लागणारं विशेष ज्ञान आणि बाहेरच्या यंत्रणांशी संबंध अशा पाच-सहा घटकांना मिळून १०० गुण द्या. किती गुणांवर समावेशन होईल ती सीमा, समजा ७०, जुळणी सुरू करण्याआधी जाहीर करा. दोघांनी ही जुळणी स्वतंत्रपणे करावी आणि आकडे नंतरच एकमेकांना दाखवावेत.

इथली खरी मेख कर्तव्यसूचीत असते. पुनर्रचना कक्षात तेच वरिष्ठ बसलेले असतात ज्यांना पुढे ती पदं हवी असतात. मग सूचीत ‘अमुक प्रणालीचा १० वर्षांचा अनुभव’ अशी अट येते आणि तो अनुभव एकाकडेच असतो. उलटही घडतं: एखाद्याला घालवायचं असेल तर त्याचं काम तीन पदांत वाटलं जातं, म्हणजे कुठेच ७० भरत नाहीत. ज्याचा पदावर दावा होऊ शकतो त्यानं त्या पदाची सूची लिहायची नाही, हा नियम दोन्ही पळवाटा बऱ्याच अंशी बंद करतो.

मर्यादित अंतर्गत स्पर्धा

एका जागेवर दोन-तीन जणांचे गुण सीमेपलीकडे गेले की स्पर्धा अटळ असते. बहुतेक पुनर्रचना याच मार्गावर अडखळतात.

आधी पात्र उमेदवारांची यादी. प्रतिनियुक्तीवर, प्रसूती रजेवर किंवा दीर्घ आजारपणात असलेले लोक यातून हमखास सुटतात, कारण यादी सध्याच्या हजेरीवरून बनते. ती मूळ पदावरून बनवा, हंगामी कार्यभारावरून नाही. नावांसह प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान ५ कामाचे दिवस द्या आणि रजेवर असलेल्यांना घरच्या पत्त्यावर कळवा.

मग क्रम. वरचा स्तर आधी, त्याखालचा नंतर, कारण वर निवड न झालेला अधिकारी खालच्या स्तरावर दावा सांगू शकतो. दोन स्तर एकाच आठवड्यात उरकले की वरच्या स्तरावरचं अपील मान्य होताच खालचा सगळा डाव विस्कटतो. प्रत्येक स्तरानंतर अपिलाची मुदत संपू द्या.

निवड समिती ३ किंवा ५ जणांची असावी. विलीन होणाऱ्या संस्थांचे सदस्य समसमान, अध्यक्ष दोन्हींच्या बाहेरचा. हितसंबंधांचं घोषणापत्र उमेदवारांची नावं कळल्यावर पुन्हा भरून घ्या. आधी घेतलेलं बहुधा कोरं असतं. सगळ्यांना तेच ६ ते ८ प्रश्न विचारा. १ ते ५ गुणांच्या श्रेणीत २ म्हणजे काय, ४ म्हणजे काय हे आधीच वाक्यांत लिहून ठेवा. प्रत्येक सदस्यानं चर्चेपूर्वी स्वतःचे गुण शाईनं लिहून सही करायची. फरक दोन किंवा अधिक गुणांचा असेल तिथेच चर्चा, आणि गुण बदलले तर कारणासकट. आधी चर्चा झाली की समितीतला सर्वांत वरिष्ठ माणूसच गुण देतो, बाकीचे ते उतरवून घेतात.

हा कडकपणा केवळ कागदोपत्री नाही. औद्योगिक मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरगणना केली. नंतरच्या कामगिरीशी ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा सरासरी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.४२ निघाला, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९ आणि अनुभवाच्या वर्षांचा अवघा ०.०७. सेवाज्येष्ठता वाद मिटवते, कुवत सांगत नाही. सेवाप्रवेश नियमांनी ती बंधनकारक नसेल तर समान गुण पडल्यावर निकाल लावण्यापुरतीच ठेवा, आणि तसं आधीच जाहीर करा.

छोट्या संस्थेच्या उमेदवारांचा तोटा मात्र गुणपत्रकात दिसतच नाही. लेखी चाचणीसाठी दिलेली फाइल मोठ्या संस्थेच्या कारभारातली असते, त्यातली संक्षिप्त रूपं आणि समित्यांची नावं एका गटाला तोंडपाठ असतात. काल्पनिक संस्थेची टिप्पणी तयार करा, ४५ मिनिटांचा वेळ द्या आणि ती दोन्हीकडच्या एकेका तटस्थ व्यक्तीला आधी वाचायला द्या. वार्षिक गोपनीय अहवालांचे शेरेही सरळ एकमेकांशी ताडू नका. एका संस्थेत सगळेच ‘उत्कृष्ट’ असतात, दुसरीत ‘चांगला’ मिळाला तरी पेढे वाटतात. अर्जावरचं नाव झाकण्याचा उपाय इथे फुका आहे: तीन उमेदवारांत कोण कुठला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं. खुल्या भरतीत तो उपयोगी पडतो.

खुली जाहिरात

डिजिटल सुरक्षा किंवा नव्यानं आलेलं नियामक काम असं खरोखर नवं पद असेल तर बाहेर बघायला हवं. पण ‘नवं रक्त हवं’ म्हणून जुन्याच कामाची जाहिरात देणं महागात पडतं. नव्याचा पगार आणि निघणाऱ्याची भरपाई असा भार दोन्हीकडून येतो. शोधसंस्था (वरिष्ठ उमेदवार शोधून देणारी कंपनी) नेमली तर तिचं शुल्क साधारणपणे पहिल्या वर्षीच्या वेतनाच्या पाव ते एक तृतीयांश असतं. ती नेमाच, पण वगळलेल्या नावांची यादीही समितीनं मागावी. चाळणी तिथेच लागते. जाहिरात किमान तीन आठवडे खुली ठेवा. निवडलेल्याचा नोटीस काळ एक ते तीन महिन्यांचा असू शकतो, आणि वेळापत्रक आखताना नेमका तोच विसरला जातो.

प्रभारी नेमणूक

कोणीच हा मार्ग म्हणून निवडत नाही, तरी बरीच वरिष्ठ पदं पुनर्रचनेत अशीच भरली जातात. एका फोनवर अतिरिक्त कार्यभार दिला जातो, दीड वर्षानं मुलाखत होते आणि ‘या पदाचा अनुभव’ एकाच उमेदवाराकडे असतो. आदेशातच शेवटची तारीख लिहा, सहा महिन्यांपलीकडे नको. इच्छुकांकडून एक पानी अर्ज मागवूनच कार्यभार द्या. नंतरच्या निवडीत केवळ प्रभारी असताना मिळालेल्या माहितीवर प्रश्न विचारू नका.

सीमेवरची पदं

जुळणीत ६० ते ७० च्या दरम्यान आलेल्या पदांवर सर्वाधिक वेळ जातो. दावेदार एकच असेल तर खुल्या जाहिरातीकडे धावण्याआधी चार आठवड्यांची प्रायोगिक नेमणूक द्या, त्यात तपासायच्या तीन-चार गोष्टी आधी लिहून. दावेदार दोन असतील तर प्रायोगिक नेमणूक देऊच नका, कारण ज्याला ती आधी मिळते तोच जिंकतो. सरळ अंतर्गत स्पर्धा घ्या. अपील फक्त प्रक्रियेवर ऐकायचं, समितीत नसलेल्यांनी ऐकायचं, आणि निकाल लागेपर्यंत त्या पदाचा नियुक्ती आदेश काढायचा नाही.